प्रीअँपचा हिरवा डबा

मी बेस गिटार वाजवते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात आमचा चौघींचा एक छोटा ऑर्केस्ट्रा आहे. एक गाते, एक कीबोर्ड वाजवते, एक ऑक्टोपॅड, आणि मी बेस. साखरपुडे, डोहाळजेवणं, सोसायट्यांचे वार्षिक कार्यक्रम, शाळांची संमेलनं अशी आमची कामं. बाकी आठवडाभर मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात असते. तिथे मी शेड जुळवते. गिऱ्हाईक एखादा तुकडा पाठवतं, कधी दाराचा पत्रा, कधी नुसती चिंधी, आणि म्हणतं, हाच रंग पाहिजे. मग मी थेंबाथेंबानं त्या रंगाच्या जवळ जात राहते. दोन्ही कामं माझ्या आवडीची आहेत, आणि दोन्हीकडे मला माझ्या स्वभावातली एकच खोड नडते. जवळपास जमलं, एवढ्यावर मला थांबता येत नाही.

बदलापूरजवळ खरवईतल्या आमच्या घरात रविवारची दुपार फार लांब असते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून मलंगगडाची रांग दिसते. ऊन असलं की ती निळी होते आणि हळूहळू हवेत विरघळल्यासारखी वाटते. अशा वेळी मी वायर न जोडता बेस मांडीवर घेऊन बसायची. त्याच्या अंगाच्या वरच्या टोकावर हनुवटी टेकवायची आणि सगळ्यात जाड तार हलकेच सोडायची. तो आवाज कानातून येत नाही. तो जबड्याच्या हाडातून वर चढतो, डोळ्यांच्या मागे जाऊन थांबतो आणि बराच वेळ तिथेच राहतो. कितीतरी दुपारी मी एकच सूर धरून बसले आहे. समोरची रांग, वाऱ्यानं फुगलेला पडदा, खालच्या गल्लीतला भंगारवाल्याचा पुकारा, सगळं त्या एका सुरात तरंगत असल्यासारखं वाटायचं. झोप लागायची नाही, पण पूर्ण जागीही नसायची.

मला हवा होता तो हा आवाज. आणि कार्यक्रमात नेमका तोच यायचा नाही.

साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडला की माझा बेस भिजलेल्या पुठ्ठ्यावर बोट मारल्यासारखा वाजायचा. साउंडवाले बदलले, हॉल बदलले, आवाज तोच. वाढवला की घुमायचा आणि गाणारीला स्वतःचा सूर सापडायचा नाही; मग साउंडवाला तो कमी करायचा आणि पुन्हा वाढवायला विसरायचा. एकदा उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबाच्या साखरपुड्यात मी वाजवता वाजवता सहज हात थांबवले. मुद्दाम नाही, आधी बोटं दुखली म्हणून थांबवले, मग कुतूहल म्हणून थांबवूनच ठेवले. गाण्याचं पूर्ण एक कडवं गेलं, मग दुसरं. मी तारांवर हात ठेवून उभी होते. नाचणाऱ्यांपैकी कुणाचा पाय चुकला नाही, ते ठीक. पण आमच्या बाकी तिघींपैकीही कुणी वळून पाहिलं नाही.

परतताना रिक्षात मी हे कीबोर्डवालीला सांगितलं. ती शाळेत शिक्षिका आहे, आमचा ऑर्केस्ट्रा तिनंच उभा केला, आणि ती खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "तू शेजारी उभी असतेस म्हणून मला धीर असतो. पण तू ऐकू येत नाहीस, हे खरंय. आपण बोलायला हवं होतं."

तिनंच सुचवलं की मिक्सरच्या आधी एक प्रीअँप लाव. बेसचा आवाज तारांखालच्या चुंबकातून निघतो तेव्हा अगदी क्षीण असतो. मिक्सरपर्यंत पोचायच्या आधी त्याला बळ आणि आकार देणारा छोटा डबा म्हणजे प्रीअँप. असं काही असतं हे मला माहीत होतं, पण आपल्या घरगुती कार्यक्रमांना ते कशाला, असं वाटायचं.

त्यानंतरचे तीन-चार महिने मी प्रीअँपच्या नादात काढले. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघायची. कुठल्याशा दूरच्या देशातला माणूस एक बटण किंचित फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ऐका. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये इअरफोन दाबून ऐकायची. मागे मिक्सिंगच्या टाक्या घरघरत असायच्या, आणि मला फरक कळायचा की कळल्यासारखा वाटायचा, हे आजही सांगता येणार नाही. शेवटी एक मागवला. त्यानं प्रत्येक सूर स्टीलच्या पातेल्यात पडल्यासारखा वाजायला लागला. परत केला. दुसरा कल्याणच्या एका बेसवाल्यानं मोठ्या मनानं महिनाभर वापरायला दिला. तो खरंच चांगला होता. गोल, मऊ, कुठे टोचणारा नाही. आमच्या कारखान्यात शेड थोडी हुकली की आम्ही म्हणतो, हा लाल बाजूला गेलाय, हा पिवळ्या बाजूला गेलाय. तसा हा गोड बाजूला गेला होता. कुणाचाही बेस त्यातून गेला असता तर असाच गोड झाला असता. मी तोही धन्यवाद देऊन परत केला आणि विषय सोडून द्यायचं ठरवलं.

घरी मी आणि बाबा, दोघंच. बाबा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावरही आई आणि ते अंबरनाथलाच राहायचे. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना खरवईला घेऊन आले. त्यांचं बोलणं आधीच मोजकं, आईनंतर ते जेवणाखाण्यापुरतं उरलं. दिवसभर बाल्कनीत बसायचे. माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, कधी वाईटही नाही. मी धरून चालले होते की पोरीचा छंद म्हणून ते सहन करतात.

अशाच एका रविवारी मी बेस पिशवीत भरत होते तेव्हा ते आत आले. हातात एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, कारखान्यातल्या दिवसांपासूनचा. म्हणाले, काढ परत बाहेर. मी काढला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेसच्या अंगावर, दांडा जिथे जोडला आहे तिथे हलकेच टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

"वाजव," ते म्हणाले.

यंत्राच्या बेअरिंगमध्ये बिघाड आहे का हे ते असं ऐकायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरातला पंखा, शेजाऱ्यांची शिलाई मशीन, सगळ्यांची नाडी त्यांनी अशी तपासलेली. माझ्या वाद्याची कधी तपासतील असं वाटलं नव्हतं. मी वाजवत राहिले. ते टोक सरकवत राहिले, तारा टेकतात त्या पुलापाशी, चुंबकांपाशी, खाली बटणांपाशी. खोलीत दुपारचं ऊन होतं आणि त्यात धूळ अगदी सावकाश फिरत होती. किती वेळ गेला कळलं नाही.

मग ते म्हणाले, "आत आवाज चांगला आहे. बाहेर येताना कुठेतरी मार खातोय."

आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी सांगितलं की उल्हासनगरला कॅम्प तीनच्या वस्तीत एक जण होता, अँप्लिफायर बनवायचा. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या गणपतीचा लाउडस्पीकर दर वर्षी त्याच्याकडे दुरुस्तीला जायचा. असला तर बघू. तीन वर्षांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते, त्यामुळे मी काही न विचारता कपडे बदलले.

तो माणूस अजून होता. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चिमटलेलं एक अरुंद दुकान, आणि आत टेबलाशी एक ऐंशीच्या घरातले सिंधी गृहस्थ एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. आम्ही बसल्याबरोबर त्यांनी आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे केला, मग काम विचारलं. बाबांनी ओळख सांगितली. त्यांना बाबा आठवेनात. पण लाउडस्पीकर आठवला, त्याचा कर्णा एका बाजूला चेपलेला होता हेही आठवलं. म्हणाले, आदमी भूल जाता है, मशीन नहीं भूलता. बाबा हसले. मी ते हसणं बघत राहिले.

त्यांनी माझा बेस त्यांच्या एका जुन्या अँप्लिफायरला जोडला, वायर बदलून बघितली, मीटरच्या सुया लावल्या. मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत मला समजावलं. तुझ्या गिटारचा आवाज लाजाळू आहे, पुट, बेटा. लांब वायर त्यातला थोडा पिऊन टाकते, उरलेला मिक्सर ओढून घेतो. त्याला दारापाशीच कुणीतरी हात धरणारा पाहिजे. तो मी करून देतो. पण आवाज कसा पाहिजे ते तू सांग.

आणि मला सांगता येईना. मी म्हटलं गोल, मग म्हटलं, पण फार गोल नाही. खोल म्हटलं. उबदार म्हटलं. व्हिडिओतले सगळे शब्द एकेक करून वापरून झाले. ते ऐकत होते, पण हातातली पेन्सिल हलत नव्हती. हनुवटी टेकवून ऐकते ते त्यांना सांगायची मला लाज वाटली.

तेव्हा बाबा बोलले. माझ्याकडे न बघता, त्या टेबलावरच्या वायरींकडे बघत.

"सगळ्यात बारीक तारेवर, दांड्यावरच्या पाचव्या-सहाव्या पट्टीपाशी ती गेली की आवाज बसतो. सूर लागतो आणि लगेच विझतो. रोज तिथे आली की ती थांबते, परत मागून येते, परत तिथेच थांबते. जाड तारेवर तसं नाही. जाड तार मोकळी सोडली की आवाज भिंतीतून पलीकडे माझ्या खोलीत येतो, माझ्या खाटेच्या दांड्यापर्यंत. तसा पाहिजे तिला. भिंतीतून आल्यासारखा."

दुकानात पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी कापडाचा तागा फडफडवत उलगडत होतं. मी खाली मान घालून बसले. तीन वर्षं त्या बाल्कनीत, त्या पलीकडच्या खोलीत, मला वाटत होतं ते कशातच नाहीत. त्यांना माझी अडखळण्याची पट्टी माहीत होती. मलाही ती आकड्यानं सांगता आली नसती.

त्या सिंधी गृहस्थांनी, म्हणजे अंकलनी, कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, वो पट्टीवाला मामला लकडी का है. ते लाकडातच आहे, माझा डबा ते काढू शकत नाही, काढूही नये. बाकीचं होईल. मग बाबांना विचारलं, तुम्ही फिटर ना? मग डबा तुम्ही बनवा. बाजारातले डबे आता पापडासारखे पातळ येतात.

असं ते काम तिघांत वाटलं गेलं. बाबांनी बाल्कनीत वस्तू आवळून धरायचा जुना व्हाइस बसवला, ॲल्युमिनियमचा पत्रा आणला आणि दोन आठवडे रोज थोडा थोडा कापला, वाकवला, घासला. मी संध्याकाळी कारखान्यातून आले की बाल्कनीत चंदेरी चुरा पडलेला असायचा आणि ते डोळ्यांवर चष्मा चढवून एखाद्या कोपऱ्यावर बोट फिरवत असायचे. तयार झालेला डबा माझ्या तळहाताएवढा होता आणि त्याला कुठेही जोड दिसत नव्हता. रंग मी देणार म्हटलं. प्रयोगशाळेत उरलेल्या नमुन्यांतून मी एक हिरवा बनवला, भात पोटरीत येतो, लोंबी धरायला लागतो, त्याच्या थोडा आधीचा. आतून-बाहेरून दोन हात मारले, कारखान्याच्या भट्टीत भाजून घेतला. झाकण इतकं चकचकीत झालं की त्यात खिडकी दिसायची.

अंकलनी त्यात आपलं काम बसवलं. एक छोटी सर्किटची पट्टी, तिच्यावर मोजून नऊ-दहा सुटे भाग, आणि बाहेर दोनच बटणं. मी विचारलं, बाकीची बटणं? ते म्हणाले, दो कान हैं, दो बटन बहुत है. त्यांनी जोडला, मी वाजवला, आणि दुकानभर एक जाड, चिकट गुंजन पसरलं. माश्यांच्या थव्यासारखं. सुराच्या खाली, सुराच्या मागे, सूर थांबला तरी चालूच.

त्यांनी पुन्हा उघडला, पुन्हा बघितलं, एकेक टाका भिंगाखाली तपासला. सगळं बरोबर होतं. तासभर गेला. त्यांचा चेहरा उतरत गेला. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. बाबा शांतपणे बाजूला बसून माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, हिनं डब्याला हात लावला की गुंजन वाढतं, स्क्रूला बोट लागलं की कमी होतं. असं का?

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि अंकल पहिल्यांदा मोकळं हसले. डब्याचा धातू सगळीकडून अर्थिंगला जोडलेला असावा लागतो, तेव्हाच तो बाहेरची घरघर अडवतो. आणि मी तो आतून-बाहेरून, स्क्रूच्या भोकांसकट, इतका मन लावून रंगवला होता की झाकण आणि डबा एकमेकांना कुठे स्पर्शच करत नव्हते. मधे माझा हिरवा रंग होता.

बाबांनी खिशातून बारीक कानस काढली. ती त्यांच्या खिशात का होती कोण जाणे. चारही भोकांच्या भोवतीचा रंग त्यांनी खरवडला, पत्र्याची कडा उघडी केली, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. "वाईट वाटून घेऊ नकोस," ते मला म्हणाले, "बाहेरून दिसणार नाही."

अंकलनी वायर जोडली. आता काहीच आवाज नव्हता. पंखा होता, गल्ली होती, त्यापलीकडे उल्हासनगरची ती कायमची गडबड होती, पण स्पीकर नितळ गप्प होता. मी जाड तार सोडली.

तो आवाज कसा होता हे मी त्या दुकानात पहिल्या दिवशी सांगू शकले नव्हते, आजही नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते, की माझी मान आपोआप खाली झुकली, हनुवटी टेकवायला, आणि मग लक्षात आलं की टेकवायची गरज नाही. तो खोलीतच होता. टेबलावरचे स्क्रू किंचित थरथरत होते. सूर पूर्ण विझेपर्यंत कुणी हललं नाही, आणि विझल्यावर मी दुसरा सोडला. असं किती वेळ चाललं होतं माहीत नाही. शेजारच्या कापडवाल्यानं एकदा डोकावून बघितलं आणि निघून गेला.

त्या हिवाळ्यात चामटोलीला आमचा एक कार्यक्रम होता, दुपारचा साखरपुडा. भात कापून झालेला, अंगणात मांडव, मागे मोकळी शेतं. मी हिरवा डबा मिक्सरच्या आधी लावला. बाबा पहिल्यांदाच सोबत आले होते. ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन थेट साउंडवाल्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याचा हात सवयीनं माझं बटण कमी करायला गेला की बाबा त्याच्याकडे नुसते बघायचे, आणि हात मागे यायचा.

पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही. बेससाठी कुणी टाळ्या वाजवत नसतं. पण आमची गाणारी, जी कायम अर्धी मात्रा पुढे पळते आणि आम्हाला तिच्या मागे धावावं लागतं, ती त्या दिवशी पळाली नाही. एक शब्द म्हणून झाला की ती थोडी थांबायची, जणू मागे काहीतरी येतंय याची तिला खात्री होती, आणि मग पुढचा शब्द घ्यायची. ऊन शेतांवर पसरलं होतं. माझ्या बोटांखालून निघालेला सूर मांडवाच्या बाहेर, कापलेल्या भाताच्या खुंटांवरून सावकाश जाताना मला जवळजवळ दिसत होता. बारीक तारेवर सहाव्या पट्टीपाशी तो बसला, नेहमीसारखा. मी थांबले नाही, पुढे गेले.

मधल्या सुट्टीत सरबत पिताना कीबोर्डवाली म्हणाली, "आज मला तुझ्याकडे बघावं लागलं नाही." एवढंच म्हणाली. मला ते पुरलं.

आता बाबा दर गुरुवारी उल्हासनगरला जातात. एकटेच, रिक्षा करून, सोबत जेवणाचा डबा घेऊन. दोघं मिळून काय बोलता, असं मी एकदा विचारलं. फारसं काही नाही म्हणाले. अंकल विठ्ठलवाडीच्या कुणासाठी रेडिओ बनवत आहेत, आणि त्याचा सांगाडा बाबांकडे वाकवायला दिलाय. परवा सकाळी चहा पिताना त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि सांगितलं की या गुरुवारी जरा उशीर होईल, स्पीकरची जाळी बसवायची आहे.

"माझ्यासाठी थांबू नकोस," ते म्हणाले. "जेवून घे."